जुनी अमेरिकी बाटली पारखताना: आधी बूड, मग तोंड, पाणी सगळ्यात शेवटी

न्यू जर्सीत आमच्या ओळखीतल्या चार-पाच मराठी घरांना जुन्या अमेरिकी बाटल्यांचा नाद लागला आहे. दक्षिण जर्सीत काचेचे कारखाने गावोगाव होते. त्यामुळे इथल्या रविवारच्या बाजारात, घर रिकामं करताना मांडलेल्या विक्रीत, कुणाच्या गॅरेजमध्ये बाटल्या निघतच राहतात. आणि दर महिन्याला एखादा तरी फोन येतो. "ताई, १८५८ सालची बरणी मिळाली!" ती १८५८ची नसते. "जांभळा फ्लास्क घेतला, अगदी गडद!" तो रंग अलीकडे कुणीतरी यंत्रात घालून आणलेला असतो. "घरी आणून गरम पाण्यात टाकली आणि टचकन तडा गेला." हा फोन सगळ्यात वाईट, कारण त्यावर इलाज नाही.

चुका तीन, पण मूळ एकच: क्रम. रंग बघून हात पुढे होतो, अक्षरं वाचून मन ठरतं, पैसे दिले जातात, घरी आल्याबरोबर बाटली धुतली जाते आणि बूड उलटून बघायचं राहूनच जातं. खाली दिलेला क्रम जवळजवळ याच्या उलटा आहे. पहिल्या पंचवीस-तीस बाटल्यांना तो कंटाळा न करता लावा. पुढे हात आपोआप बुडाकडे वळतो.

एक शब्द आधी स्पष्ट करते. मराठीत फ्लास्क म्हटलं की चहाचा थर्मास डोळ्यांसमोर येतो. इथे फ्लास्क म्हणजे खिशात मावणारी चपटी, दारूची काचेची बाटली. अर्धा पिंट, पिंट आणि क्वार्ट या मापांत ती मिळते. गरुड, वॉशिंग्टन, सूर्यकिरण, रेल्वेची गाडी अशी उठावाची चित्रं असलेले १९व्या शतकातले फ्लास्क ही या छंदातली सगळ्यात मोलाची चीज, आणि सगळ्यात जास्त नकला निघाल्या आहेत त्याही यांच्याच.

१. घरातून निघण्यापूर्वी

एक वाट निवडा. अमेरिकी बाटल्यांत औषधाच्या, बिटर्सच्या (औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या कडू दारूच्या), सोड्याच्या, दुधाच्या, विषाच्या, फळं साठवायच्या बरण्या असे कितीतरी प्रकार आहेत, आणि प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या. सगळं थोडं थोडं घेणाऱ्याला काहीच नीट ओळखता येत नाही. पहिल्या वर्षी मी फक्त औषधाच्या फिकट निळसर-हिरव्या बाटल्या घेतल्या. काही डॉलरला मिळतात, चूक झाली तरी फार लागत नाही आणि हाताला सवय होते. फ्लास्क दुसऱ्या वर्षावर ठेवा.

पिशवीत हे असू द्या: दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी पांढरी विजेरी, अतिनील प्रकाशाची विजेरी, मोजपट्टी, सुती फडकं, जुना नायलॉनचा पायमोजा आणि वही. पायमोज्याचं काम पुढे येईल.

खरी बाटली आधी बघून या. न्यूयॉर्क राज्यात कॉर्निंगचं काच संग्रहालय आहे, बॉलस्टन स्पा इथे बाटल्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. आमच्या जर्सीकरांना सगळ्यात जवळ पडतं ते मिलव्हिलच्या व्हीटन आर्ट्समधलं अमेरिकी काचेचं संग्रहालय. पण संग्रहालयात हात लावता येत नाही. म्हणून बाटल्यांच्या प्रदर्शन-विक्रीलाही जा. जुने संग्राहक विचारलं तर बाटली हातात देतात, बूड दाखवतात, चूक सांगतात. पहिल्या खेपेला पैसे घरी ठेवूनच जा, हे मी मनापासून सांगते.

तपासा: तुम्ही निवडलेल्या प्रकारातल्या अलीकडच्या लिलावांत प्रत्यक्ष काय भाव आला, याची यादी वहीत आहे ना? विक्रेत्याने मागितलेला भाव आणि बाटली खरोखर विकली गेली तो भाव, यांत बरंच अंतर असतं. यांतला विकल्याचा आकडाच टिपा.

२. हातात घेताना

आधी विचारा, मग उचला. दोन्ही हातांनी पोटाला धरा. मानेला धरून उचलू नका. जुन्या दुरुस्त्या मानेतच असतात आणि सांधा तुमच्या हातात सुटला तर वाद तुमच्याशी होतो. मडकं घेताना टिचकी मारून वाजवतात तसं इथे करू नका. बारीक तडा असलेल्या काचेला टिचकीही जड जाते.

बाटली कोरडी आहे का, ते बघा. काच ओली असली की तिच्यावरची धूसर झाक लपते. काही विक्रेते पाण्याऐवजी तेलाचा पातळ हात फिरवतात. ते वाळत नाही आणि बाटली कशी चकचकीत दिसते. मी अशी एक घेतली होती. घरी साबणाने धुतल्यावर ती दुधाळ झाली आणि तशीच राहिली. तेव्हापासून सुती फडकं आतबाहेर फिरवल्याशिवाय मी भाव विचारत नाही.

सावधान: बाटलीत जुनं औषध किंवा पूड शिल्लक असेल तर बूच उघडू नका, वास घेऊ नका, मोरीत ओतू नका. त्या काळच्या औषधांत आर्सेनिक, पारा, स्ट्रिक्निन असं काहीही असू शकतं. घेतलीच तर गावाच्या घातक कचरा केंद्राला विचारून रिकामी करा.

३. बूड: इथूनच सुरुवात

हाताने फुंकलेल्या बाटलीचं तोंड घडवताना ती कशाने तरी धरावी लागे. १८६०च्या आसपासपर्यंत कारागीर बुडाला एक दांडी चिकटवत. तिला पाँटिल म्हणतात. तोंड तयार झालं की दांडी झटक्यात तोडायची. तोडलेल्या जागी वण राहतो. आमच्याकडे त्याला बाटलीची बेंबी म्हणतात आणि नाव चपखल आहे. बेंबीचे चार प्रकार ओळखायला शिका.

पोकळ वण हा कंगोरेदार कड्यासारखा असतो आणि बहुधा मानेइतक्या रुंदीचा, कारण दांडीच्या जागी फुंकनळीच वापरलेली असते. भरीव वण म्हणजे तुटलेल्या काचेचा खडबडीत गोल ठिपका. वाळूचा वण खरखरीत, बारीक कण रुतल्यासारखा. लोखंडी वण काळसर, करडा किंवा गंजासारखा तांबूस असतो. तो मुख्यतः १८४० ते १८६० या दशकांतल्या सोडा आणि खनिज पाण्याच्या बाटल्यांवर दिसतो. तो डाग समजून घासून काढणाऱ्यांनी किती बाटल्यांचं मोल घालवलं, त्याची गणती नाही.

१८५०च्या दशकाच्या शेवटाकडे बाटली बाहेरून कवेत घेणारा चिमटा आला आणि १८७०च्या दशकापर्यंत बेंबी जवळजवळ गेली. तेव्हा खरी बेंबी असेल तर रोजच्या वापराची अमेरिकी बाटली साधारण १८६०-६५च्या आधीची धरायला हरकत नाही. मात्र "खरी" या शब्दावर भर आहे. नकला करणारेही बेंबी पाडतात. त्याबद्दल आठव्या टप्प्यात सांगते.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. मायकेल ओवेन्स याने ओहायोतल्या टोलेडो इथे बाटल्या बनवणारं स्वयंचलित यंत्र तयार केलं. त्याचं पेटंट १९०४चं. हे यंत्र वितळलेली काच खालून ओढून घेई आणि कापताना बुडावर एक वेडीवाकडी गोल रेघ उमटे. ही रेघ बहुधा मधोमध नसते, कधी काठापर्यंत सरकलेली असते. नवखे तिलाच बेंबी समजतात आणि शंभर-दीडशे वर्षांचा हिशेब पंचवीस-पन्नास वर्षांनी चुकवतात. फरक बोटाला कळतो. बेंबी म्हणजे तुटलेली काच, ती टोचते. ओवेन्सची रेघ केसासारखी, नखाला जाणवते, पण तिथे काही तुटलेलं नसतं. दुधाच्या बाटल्यांच्या बुडावरचं छोटं, नीटस, कंपासने काढल्यासारखं वर्तुळ हीसुद्धा यंत्राचीच खूण.

तपासा: बुडाच्या कडेला झीज आहे का? शंभर-दीडशे वर्षं फळीवर सरकलेल्या बाटलीच्या बुडावर जिथे ती टेकते तिथेच, उलटसुलट दिशांचे बारीक ओरखडे असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेला असतील तर ते सँडपेपरने घासून आणलेले आहेत.

४. तोंड आणि ओठ

काठ कसा घडवला, हे बुडाइतकंच बोलकं असतं. जुन्या फ्लास्कचा काठ बहुधा नुसता कापलेला आणि विस्तवात धरून गोलसर केलेला असतो. त्याला वेगळा ओठ नसतो. त्यानंतर चढवलेला ओठ येतो. मान कापून वर गरम काचेचा वेढा घालायचा आणि हत्याराने आकार द्यायचा. या वेढ्याच्या खाली काच ओघळून मानेवर आलेली दिसते, मेणबत्तीवर मेण ओघळतं तशी. असा ओठ १८८०च्या दशकापर्यंत चालला. मग वेगळी काच न चढवता मानेचीच काच तापवून, हत्याराने फिरवून ओठ करू लागले. यात ओघळ नसतो आणि ओठाखाली आडव्या, अगदी पुसट गोल रेघा असतात. १८७० ते १९१०च्या दशकांतल्या बहुसंख्य औषधाच्या बाटल्या या प्रकारच्या. शेवटी यंत्राचा ओठ. तो सगळीकडे सारखा, जणू पेल्याची कड.

बरण्यांचं वेगळं आहे. १९व्या शतकातल्या फळांच्या बरण्यांचा काठ कारखान्यातच घासून सपाट केलेला असे. तो करडा, धुरकट, बारीक टवक्यांनी भरलेला असतो, आणि तो तसाच असायला हवा. पण असाच घासलेला काठ फ्लास्कवर दिसला तर समजा की तुटलेलं तोंड कुणीतरी सहाणेवर घासून लपवलं आहे. मग उंची मोजा आणि त्याच साच्याच्या धड फ्लास्कच्या उंचीशी ताडून बघा.

५. साच्याची जोडरेघ

"जोडरेघ वरपर्यंत गेली असेल तर बाटली यंत्राची, मध्येच थांबली असेल तर हाताची." हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि त्यानेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात.

नियम खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. यंत्राच्या बाटलीवर रेघ ओठाच्या डोक्यावरून पार जाते, शिवाय ओठाच्या खाली मानेभोवती एक आडवी रेघ कड्यासारखी फिरते. या दोन्ही गोष्टी बघायच्या. चढवलेल्या ओठाच्या बाटलीवर रेघ वरच्या काचेखाली शिरून दिसेनाशी होते. हत्याराने फिरवलेल्या ओठाखाली ती हळूहळू पुसट होत संपते.

अपवाद तीन. कापलेल्या काठाच्या जुन्या फ्लास्कवर रेघ जवळजवळ काठापर्यंत जाते, कारण साचाच तिथपर्यंत होता. घासलेल्या काठाच्या बरणीवर ती थेट काठाला भिडते. दोन्ही हाताने फुंकलेल्या. नवखा मात्र त्यांना यंत्राच्या समजून सोडून देतो आणि मागचा माणूस आनंदाने उचलतो. तिसरा अपवाद उलट्या बाजूचा: काही बाटल्यांवर रेघच नसते. "रेघ नाही म्हणजे साचा नाही, म्हणजे खूप जुनी" असं वाटतं. पण १९व्या शतकाच्या शेवटी अनेक वाइनच्या बाटल्या साच्यात गोल फिरवत, त्यामुळे रेघ पुसली जाई. पोटावर आडव्या, बारीक, एकसारख्या रेघा दिसल्या तर बाटली या प्रकारातली.

विजेरी तिरपी धरा. सरळ उजेडात पुसट रेघ दिसत नाही.

तपासा: बूड, तोंड आणि जोडरेघ तिन्ही एकाच काळाकडे बोट दाखवतात का? बेंबी आहे आणि ओठावरून रेघ गेली आहे, असं झालं तर थांबा. त्यातली एक खूण खोटी आहे, किंवा तुम्ही ओवेन्सच्या रेघेला बेंबी म्हणत आहात.

६. आता अक्षरं आणि आकडे वाचा

इथपर्यंत आल्यावरच वाचायचं. आधी वाचलं की मन ठरतं आणि मग बुडावर तेच दिसतं जे आपल्याला हवं असतं.

काचेवरचं साल हे बहुतेक वेळा पेटंटचं किंवा धंद्याच्या जाहिरातीचं असतं, बाटली बनवल्याचं नसतं. जॉन मेसनला आटे असलेल्या बरणीचं पेटंट ३० नोव्हेंबर १८५८ला मिळालं. ती तारीख पुढे कितीतरी दशकं, कितीतरी कारखाने बरण्यांवर उठवत राहिले. म्हणूनच माझ्या फोनवरच्या "१८५८च्या बरण्या" बहुधा १८८० ते १९१०च्या निघतात. घराच्या आकाराच्या बूझ व्हिस्कीच्या बाटलीवर १८४० लिहिलेलं आहे, पण ती बाटली ग्लासबरोच्या व्हिटनी कारखान्यात १८६०च्या दशकात तयार झाली. ड्रेकच्या प्लँटेशन बिटर्सवर १८६० आणि १८६२ अशी दोन सालं आहेत आणि ती बाटली त्यानंतरही बरीच वर्षं बनत राहिली.

माणसाच्या चित्रावरूनही साल धरू नका. वॉशिंग्टन १७९९मध्ये वारला, पण वॉशिंग्टन आणि सेनापती टेलर यांच्या जोडीचे फिलाडेल्फियाच्या डायटव्हिल कारखान्याचे फ्लास्क मेक्सिकोच्या युद्धानंतर टेलरचं नाव गाजलं तेव्हाचे आहेत. उलट प्रसंगाशी बांधलेलं चित्र उपयोगी पडतं. गायिका जेनी लिंडचा अमेरिका दौरा १८५०-५२चा. कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक शिखराचा उल्लेख असलेले फ्लास्क १८५८-५९च्या सोन्याच्या धावपळीनंतरचे. त्याआधीचे ते असूच शकत नाहीत.

काही मजकूर मात्र पक्का काळ देतो. "फेडरल लॉ फॉरबिड्स सेल ऑर रीयूज ऑफ धिस बॉटल" असं असेल तर बाटली १९३५ ते १९६४मधली. हिऱ्यावर गोल आणि गोलात उभी रेघ ही ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीची खूण १९२९ नंतरची. कोका-कोलाच्या कमरेत बारीक बाटलीवरच्या १६ नोव्हेंबर १९१५ आणि २५ डिसेंबर १९२३ याही पेटंटच्याच तारखा. आणि तिच्या बुडावरचं गावाचं नाव हे ती भरणाऱ्याच्या गावाचं, काच बनवणाऱ्या गावाचं नव्हे.

फ्लास्क घेताना त्याचा मॅककिअरिन क्रमांक विचारा. जॉर्ज आणि हेलन मॅककिअरिन यांनी लावलेल्या या वर्गवारीत पहिला गट माणसांच्या चित्रांचा, दुसरा गरुडाचा, तिसरा शृंगपात्राचा (फळाफुलांनी भरलेल्या शिंगाचा), चौथा फ्रीमेसन पंथाच्या चिन्हांचा, पाचवा रेल्वेचा, आठवा सूर्यकिरणांचा, नववा वेलबुट्टीचा आणि पंधरावा नुसत्या अक्षरांचा. क्रमांक कळला की वर्णन ओळीओळीने ताडता येतं: किती पिसं, किती किरण, स्वल्पविराम आहे की नाही. चित्र नसलेल्या, नुसत्या पन्हळी फ्लास्कवर पन्हळी मोजा. ओहायोतल्या झेन्सव्हिलचा साचा २४ पन्हळींचा होता. दोरा बांधून खूण करा आणि तिथून मोजत या, नाहीतर मधेच गणती चुकते.

७. रंग: मोह इथेच होतो

फ्लास्कच्या किमतीत रंगाचा वाटा मोठा असतो. एकाच साच्याचा फिकट निळसर-हिरवा फ्लास्क आणि दुर्मीळ रंगाचा फ्लास्क यांच्या भावात दहापट फरकही पडतो. म्हणूनच रंग शेवटच्या टप्प्यांत ठेवला आहे.

फिकट निळसर-हिरवा हा वाळूतल्या लोहाचा, मुद्दाम न दिलेला रंग. तो सगळ्यात जास्त मिळतो. "काळी" म्हणून विकली जाणारी बाटली उजेडासमोर धरली की गडद शेवाळी किंवा तपकिरी दिसते. पारदर्शक काच मिळावी म्हणून, मुख्यतः १८८० ते पहिल्या महायुद्धापर्यंत, मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. ही झाक हलकी असते, पातळ भागात जेमतेम दिसते. वांग्यासारखा गडद, सगळीकडे एकसारखा जांभळा दिसला तर बाटली बहुधा किरणोत्सर्गाच्या यंत्रात घालून आणलेली आहे. संग्राहक त्याला रंग म्हणत नाहीत, बिघाड म्हणतात.

फोटोवरून घेत असाल तर दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर काढलेला फोटो मागा. पाठीमागून दिवा लावलेल्या फोटोत बिअरची साधी बाटलीसुद्धा मधासारखी दिसते.

८. नकला

दक्षिण जर्सीत क्लेटन इथे क्लेव्हेंजर बंधूंनी १९३०च्या दशकापासून बूझची बाटली आणि कितीतरी फ्लास्क पुन्हा बनवले. त्यांनी फसवायला बनवले नव्हते. पण आज ते ऐंशी-नव्वद वर्षांचे झाले आहेत, बुडाला झीज आली आहे, बेंबीही आहे. जेनी लिंडच्या नकला तर कितीतरी ठिकाणी झाल्या. १९७०च्या दशकात मिलव्हिलच्या व्हीटन काच कंपनीने लाल, निळ्या, जांभळ्या रंगांत बिटर्सच्या छोट्या बाटल्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या बाटल्या काढल्या. जुन्या बाजारात सगळ्यात जास्त हात लागतात ते यांनाच. त्या सुंदर आहेत, दोन-चार डॉलरला शोभेला जरूर घ्या, पण तेवढ्याच पैशांना. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कला संग्रहालयाने करून घेतलेल्या प्रतींच्या बुडाशी एम एम ए अशी अक्षरं असतात. ती घासून काढलेली नाहीत ना, हे बुडावरच्या चकाकीवरून कळतं.

नकलेची काच बहुधा जाड आणि हाताला जड. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत, चित्राच्या कडा मऊ, गरुडाच्या डोळ्यासारख्या बारीक जागा बुजलेल्या. बुडबुडे मुद्दाम पेरल्यासारखे सगळीकडे. अस्सल काचेतही बुडबुडे असतात, पण बुडबुडा हा जुनेपणाचा पुरावा नाही, एवढं कायमचं लक्षात ठेवा. साच्याच्या थंडपणामुळे येणाऱ्या ठोके मारल्यासारख्या लाटा मात्र गुळगुळीत आणि चमकदार असतात. त्या आणि संत्र्याची साल यांतला फरक शब्दांत सांगून कळत नाही. दोन्ही शेजारी ठेवून बोट फिरवायला हवं.

९. इजा शोधणं

क्रम इथेही आहे: काठ, मान, खांदा, पोट, बूड. काठावरून नायलॉनचा पायमोजा हलकेच ओढा. बोटाला न जाणवणारा टवका त्याचा धागा धरतो. नखाने किंवा बोटाने चाचपू नका, कापतं.

मग आतून विजेरी. तडा प्रकाशात चमकून उठतो आणि बाटली फिरवली की त्याची चमक हलते. काचेतच अडकलेला न वितळलेला खडा दिसला तर त्याच्याभोवती किरणांसारखे तडे आहेत का, ते भिंगाने बघा. नुसता खडा चालतो. तडे फुटलेला खडा टांगती तलवार आहे. बनवतानाची घडी, बुडबुडा, वाकडी मान यांना दोष मानत नाहीत, मागाहून उडालेल्या टवक्याला मानतात. टवक्याची कड धारदार आणि चकचकीत असते, घडीची गोलसर.

अंधाऱ्या कोपऱ्यात अतिनील विजेरी मारा. राळेने भरलेला ओठ किंवा कोपरा काचेपेक्षा वेगळा, बहुधा दुधाळ उजळतो. विक्रेता हे करू देत नसेल तर बाटली खाली ठेवा.

शेवटी चकाकी. गाडलेली बाटली तांब्याच्या तारेचे तुकडे आणि पॉलिशची पूड घालून यंत्रात दिवसेंदिवस फिरवून स्वच्छ करतात. हे उघड सांगून केलं असेल तर त्यात गैर काही नाही. जास्त फिरवली की अक्षरांच्या कडा मऊ होतात आणि बुडाची झीजसुद्धा चकाकते. अशी बाटली अस्पर्श बाटलीच्या भावाने घेऊ नका.

१०. भाव आणि पावती

सापडलेला प्रत्येक दोष विक्रेत्याला दाखवा आणि मगच घासाघीस करा. लिलावात बोलीवर खरेदीदाराचं अधिमूल्य (लिलाव करणाऱ्यांचा वरचा आकार) लागतं, अनेकदा १५ ते २५ टक्के. वर पाठवणी आणि विमा. ही बेरीज आधी करून मगच कमाल बोली वहीत लिहा. पावतीवर प्रकार, रंग, "दुरुस्ती नाही" आणि परत घेण्याची मुदत लिहून घ्या. टपालाने येणार असेल तर खोक्यात खोकं आणि मध्ये चारही बाजूंनी भरण, असं स्पष्ट सांगा.

खणून काढणाऱ्यांसाठी थोडक्यात: जुन्या संडासांच्या खड्ड्यांत बाटल्या सापडतात हे खरं. पण जमीनमालकाची लेखी परवानगी हवी, खणण्याआधी ८११ला फोन करून गॅस-विजेच्या वाहिन्या दाखवून घ्यायला हव्यात आणि एकट्याने खड्ड्यात उतरायचं नाही. बाजू ढासळतात. संघराज्याच्या आणि आदिवासी जमातींच्या जमिनीवरून १९७९च्या पुरातत्त्व कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या वस्तू विनापरवाना काढणं गुन्हा आहे.

११. घरी आणल्यावर: पहिल्या दिवशी काहीच करू नका

जानेवारीत गाडीतून आणलेली बाटली बर्फासारखी असते. एक पिंटचा शेवाळी फ्लास्क मी असाच आणला आणि मातीचा थर बघून धीर न धरवल्याने कोमट म्हणता म्हणता गरम पाण्यात धरला. खांद्यापासून बुडापर्यंत तडा गेला. एकशे सत्तर वर्षं टिकलेली वस्तू माझ्या हातात गेली, याचं दुःख आजही आहे.

म्हणून खोक्यातून काढून चोवीस तास खोलीत तशीच ठेवा. कागदी लेबल असेल तर पाणी नाहीच, फक्त मऊ कोरडा कुंचला. लेबल नसेल तर सिंकमध्ये नव्हे, प्लॅस्टिकच्या टबमध्ये खाली जाड टॉवेल घाला. खोलीच्याच तापमानाचं पाणी, भांड्यांच्या सौम्य साबणाचे चार थेंब. एक-दोन दिवस भिजू द्या. मग टोकाला तार न दिसणारा नायलॉनचा ब्रश आतून, मऊ टूथब्रश बाहेरून. चुन्यासारखा पांढरा थर असेल तर पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर, मग भरपूर पाणी.

आपल्याकडे तेलाची बाटली वाळू नाहीतर रांगोळी घालून खळखळवून धुतात. ते इथे अजिबात नको. वाळू काचेवर कायमचे ओरखडे पाडते. तारेची घासणी, पितळ घासायची पावडर, डिशवॉशर, सगळं वर्ज्य. काच कोरणारं आम्ल वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते हाडांपर्यंत भाजतं.

तपासा: ओली असताना झाक नाहीशी होते आणि वाळल्यावर परत येते का? तसं असेल तर तो मळ नाही. मातीतल्या ओलाव्याने काचेचा वरचा थरच खराब झाला आहे. घासून काही होणार नाही, थांबा. इंद्रधनुषी पापुद्रा असेल तर तोही घासू नका. तसा तो आवडणारे संग्राहक पुष्कळ आहेत.

वाळवताना टॉवेलवर आडवी ठेवा, केसांचा ड्रायर लावू नका आणि आत ओल असताना बूच घालू नका.

१२. नोंद आणि जागा

प्रत्येक बाटलीला क्रमांक द्या आणि तो जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून मानेला दोऱ्याने बांधा. बुडावर चिकटपट्टी किंवा मार्कर नको. वहीत तारीख, जागा, किंमत, उंची, बुडाचा व्यास, बुडाचा प्रकार, ओठाचा प्रकार, दिवसाच्या उजेडातला रंग आणि प्रत्येक दोष लिहा. बुडाचा एक आणि काठाचा एक फोटो जोडा. पुढे विकताना किंवा विम्यासाठी तुमचा शब्द नाही, ही वही चालते.

खिडकीतली फळी दिसायला छान, पण मँगनीजची पारदर्शक काच तिथे हळूहळू जांभळी होते आणि हिवाळ्यात काचेपाशी दिवसा ऊन, रात्री गोठण असा मारा होतो. आतल्या भिंतीवर फळी घ्या, मागून न तापणारा एलईडी दिवा लावा, बुडाखाली संग्रहालयात वापरतात तशा मेणाचे तीन छोटे ठिपके. रंगीत पाणी भरून ठेवू नका. बाटल्या एकमेकींना टेकता कामा नयेत, दोन बाटल्यांत दोन बोटं अंतर राहू द्या.